गोमा, १९९४ : शिधा कोणाच्या हाती पडला?

गोमा हे शहर किवू सरोवराच्या उत्तर काठावर, न्यिरागोंगो या जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेव्हा या देशाचे नाव झाईर होते, आज ते काँगो लोकशाही प्रजासत्ताक आहे. रवांडाचे गिसेन्यी शहर गोम्याला इतके खेटून आहे की दोहोंच्या मधून फक्त सीमारेषा जाते. १९९४ च्या जुलै महिन्यात, मुख्यतः १४ ते १८ तारखांच्या दरम्यान, ही सीमा ओलांडून काही लाख माणसे गोम्यात शिरली. नंतरच्या साथरोग अभ्यासाने हा आकडा पाच ते आठ लाख धरला. त्या दिवसांत मदतसंस्थांच्या बोलण्यात तो दहा लाखांपर्यंत जात होता. आकड्यांतली ही तफावत लक्षात ठेवावी, कारण या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग तिच्याशी जोडलेला आहे.

ही माणसे कोण होती, हे सांगितल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. रवांडात एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत अल्पसंख्य तुत्सी समाजाचा आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या, बहुसंख्य हुतू समाजातील लोकांचा वंशसंहार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. रवांडा देशभक्त आघाडी या मुख्यतः तुत्सींच्या बंडखोर संघटनेच्या सैन्याने ४ जुलैला राजधानी किगाली घेतली आणि ते वायव्येकडे सरकू लागले, तसे संहार घडवणारे सरकार, त्याचे सैन्य आणि इंतेराहाम्वे हे सशस्त्र जथे सीमेकडे पळाले. त्यांच्याबरोबर लाखो सामान्य शेतकरी कुटुंबेही निघाली. कोणी सूडाच्या भीतीने निघाले, कोणी रेडिओवरील अफवांनी, तर कोणाला गावच्या पुढाऱ्यांनी अक्षरशः हाकलत नेले. संहारात हात असलेले आणि ज्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता असे, दोघेही एकाच रस्त्याने, एकाच गर्दीत चालत होते. पाण्याच्या टाकीशी पोहोचल्यावर दोघांची तहान सारखीच होती. गोम्याच्या प्रकरणाची खरी अडचण इथेच सुरू होते, आणि युद्धाने घर सोडावे लागलेल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने वाचावे असे मला वाटते, तेही याच कारणासाठी.

जमीन, पाणी आणि पटकी

शहराच्या उत्तरेस किबुंबा आणि त्याहून पुढे काताले, तर पश्चिमेस सरोवराच्या बाजूला मुगुंगा अशा मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या म्हणण्यापेक्षा माणसे जिथे थकून बसली तिथेच छावणी झाली. या भागातील जमीन गोठलेल्या लाव्हाची आहे. काळा, धारदार, टणक दगड. त्यात फावडे चालत नाही. निर्वासितांच्या छावणीत पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी खणाव्या लागतात, संडासाचे चर आणि मृतांसाठी खड्डे, आणि इथे दोन्ही खणता येत नव्हते. मृतदेह चटयांत गुंडाळून रस्त्याच्या कडेला ठेवले जात. ते गोळा करायला ट्रक फिरत आणि सामुदायिक दफनासाठी खड्डे करायला सैन्याची अवजड यंत्रे लागली. शौचाला जागा नव्हती, म्हणून लोक उघड्यावर जात, आणि त्याच लोकांना पिण्यासाठी सरोवराचे पाणी होते. किबुंब्यात तर पाण्याचा स्रोतच नव्हता. तिथे जे पाणी पोहोचले ते टँकरने पोहोचले.

२० जुलैला पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, निदान झाले. त्यानंतर जे घडले त्याची नोंद दाटीवाटीच्या आणि घाबरलेल्या छावणीत झाली असली तरी ती विश्वासार्ह आहे, कारण गोळा केलेल्या मृतदेहांची मोजणी आणि तंबूतंबूंतून केलेली पाहणी या दोन वेगळ्या वाटांनी ती तपासली गेली. सीमा ओलांडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० निर्वासित मेले, आणि त्यांतले बहुतेक जुलाबाच्या आजारांनी मेले. दर दहा हजार लोकांमागे दिवसाला २० ते ३५ मृत्यू, असा तो दर होता. दहा हजारांमागे दिवसाला एक मृत्यू झाला की परिस्थिती आणीबाणीची मानायची, असा या क्षेत्रातला जुना दंडक आहे. म्हणजे एक लाख लोकांच्या छावणीत जिथे दिवसाला दहा मृत्यू झाले तरी धोक्याची घंटा वाजायला हवी, तिथे दोनशे ते साडेतीनशे माणसे रोज मरत होती.

पाण्याचे गणित मांडून पाहिले की हे संकट केवळ दुर्लक्षातून झाले नाही हेही कळते. माणशी १५ लिटर हे आज किमान मानले जाते. पाच लाख लोकांना ते द्यायचे तर दिवसाला ७५ लाख लिटर शुद्ध पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ७५० खेपा, तेही एका अरुंद, माणसांनी भरलेल्या रस्त्यावरून. पहिल्या आठवड्यात याच्या जवळपासही कोणी पोहोचू शकत नव्हते. जुलैच्या अखेरीस अमेरिकी सैन्याने पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आणली, मदतसंस्थांनी टाक्या आणि नळ बसवले, टँकरची ये-जा वाढली आणि पुरवठा हळूहळू रुळावर आला. मात्र टाकी भरली म्हणजे कुटुंबाला पाणी मिळाले असे होत नाही. ज्या बाईकडे कॅन किंवा बादली नाही, तिच्या तंबूत पाणी पोहोचतच नाही. ती नळाशी ओंजळीने पिते आणि आजारी मुलासाठी काही नेऊ शकत नाही. पाणी साठवण्याची भांडी सुरुवातीपासून वाटावीत ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जीव वाचवण्याच्या कामात ती औषधाच्या बरोबरीची आहे.

मृत्यू अटळ होते का, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या टांझानियात सापडते. एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे गोम्याच्या अडीच महिने आधी, रवांडातून सुमारे दोन ते अडीच लाख लोक एक-दोन दिवसांत टांझानियाच्या न्गारा जिल्ह्यात गेले होते. तो लोंढाही प्रचंड होता. पण तिथे १९९३ मध्ये बुरुंडीहून आलेल्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था आधीपासून होत्या, सामान हाताशी होते आणि खणता येईल अशी माती होती. गोम्यासारखा संहारक कॉलरा तिथे झाला नाही.

सलाईनच्या बाटल्या आणि मिठासाखरेचे पाणी

पटकीच्या रुग्णाला काय द्यावे हे १९९४ पूर्वीच ठाऊक होते. अंगातले पाणी आणि क्षार झपाट्याने जातात, म्हणून तेच तितक्याच झपाट्याने परत भरायचे. शुद्धीवर असलेल्या आणि पिऊ शकणाऱ्या रुग्णाला ओआरएस, ज्याला मराठीत जलसंजीवनी म्हणतात, तोंडाने पाजायची. कोसळलेल्या रुग्णाला शिरेतून, वजनाच्या दर किलोमागे सुमारे १०० मिलिलिटर, मोठ्या माणसाला साधारण तीन तासांत. पन्नास किलोच्या माणसाला हे पाच लिटर होते. नीट उपचार झाले तर शंभरात एकही रुग्ण दगावू नये, इतका हा आजार आटोक्यात येण्याजोगा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पिंपांत कालवून नातेवाईकांच्या हाती दिले, आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. हे सारे नोंदलेले होते, छापलेले होते.

तरीही गोम्यातील एका तात्पुरत्या उपचार केंद्रात मृत्यूंचे प्रमाण ४८ टक्क्यांपर्यंत गेले होते. ऑगस्टमध्ये बांगलादेशातील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राचे आठ जणांचे पथक गोम्यात गेले. तिथे काय चुकले याचा त्यांनी काढलेला निष्कर्ष वाचताना वाईट वाटते, कारण त्यात नवे असे काहीच नाही: द्रव फार संथ गतीने दिला जात होता, ओआरएसचा वापर पुरेसा नव्हता, चुकीच्या प्रकारचे सलाईन लावले जात होते आणि अनेक डॉक्टर-परिचारिकांनी त्याआधी तीव्र पटकीचा रुग्ण हाताळलेलाच नव्हता. जगभरातून विमाने भरून माणसे आली होती, मनापासून आली होती. पण त्यांतल्या अनेकांना हा एक आजार माहीत नव्हता. साथीचा जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हता, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पटकीची जागा रक्ती हगवणीने घेतली. तिचा जंतूही अनेक औषधांना पुरून उरणारा होता.

हळूहळू मात्र गाडी रुळावर आली. रोजचे आकडे रोज गोळा करून कोणत्या छावणीत काय कमी पडते हे ठरवायची पद्धत बसली, आणि दुसऱ्या महिन्यात मृत्युदर दहा हजारांमागे ५ ते ८ पर्यंत खाली आला. तोही फार मोठाच होता, परंतु उतार खरा होता आणि तो कामामुळे आला होता. गोम्याला सरसकट अपयश म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

यादी कोणाची?

इथवरची गोष्ट पाण्याची आणि औषधाची होती. आता शिध्याची.

संकटाच्या पहिल्या आठवड्यांत लाखो लोकांना धान्य, डाळी आणि तेल वाटायचे होते, आणि त्यासाठी कोणाकडेही कुटुंबांची यादी नव्हती. छावणीत मात्र एक व्यवस्था आयती होती. रवांडातील प्रशासन अतिशय घट्ट विणलेले होते. प्रांत, त्याखाली कम्यून, कम्यूनचा प्रमुख बुर्गमेस्त्र, त्याखाली आणखी लहान गट. माणसे सीमा ओलांडून आली ती याच रचनेसह, आणि छावणीतही आपापल्या कम्यूनप्रमाणेच बसली. मदतसंस्थांनी याच पुढाऱ्यांकडे जाऊन तुमच्या कम्यूनमध्ये किती माणसे आहेत ते सांगा, असे विचारले. त्यांनी सांगितलेल्या आकड्याप्रमाणे धान्याची पोती त्यांच्या हवाली केली आणि पुढचे वाटप त्यांच्यावर सोपवले. त्या क्षणी दुसरा मार्ग दिसत नव्हता, हे मान्य करायला हवे. पण हे पुढारी कोण होते? तीन महिन्यांपूर्वी आपल्या भागात हत्येच्या याद्या बनवणारे, जमाव गोळा करणारे, अडथळे उभारून माणसे वेचणारे, अशांतलेच बरेच जण होते.

याचे परिणाम एकामागून एक आले. पुढाऱ्यांनी लोकसंख्या फुगवून सांगितली, वाढीव शिधा बाजारात विकला आणि त्या पैशाने आपले सैन्य व जथे पोसले. शिधा त्यांच्या हातून मिळतो म्हटल्यावर कुटुंबांवरचा त्यांचा धाक टिकला. रवांडात परतण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्यांना धमक्या मिळत, काहींना मारण्यात आले. परत गेलात तर तुम्हाला ठार मारतील, अशी भीती रोज पेरली जात होती. मदत कर्मचाऱ्यांनी नोंदणी करायचे म्हटले की दंगल उसळे. नोंदणी झाली असती तर खरी संख्या कळली असती आणि पोती कमी झाली असती, हे पुढाऱ्यांना नीट कळत होते.

वरवर पाहता हा भ्रष्टाचाराचा प्रश्न वाटतो. तो त्याहून खोल आहे. मदतसंस्थेचा हिशेब पोत्यांत आणि टनांत असतो. पोती छावणीत पोहोचली की तो हिशेब पूर्ण होतो. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र मदत तेव्हाच पोहोचते, जेव्हा ती कोणाच्या पायाशी न वाकता, कोणाला आपल्या परतीची किंमत न देता, चुलीपर्यंत येते. गोम्यात पहिला हिशेब पुष्कळदा जुळत होता, पण दुसऱ्याकडे कित्येक महिने कोणी पाहिले नाही.

चुलीचा उल्लेख आलाच आहे तर सरपणाचे सांगतो. कोरडे धान्य आणि डाळी शिजवायला तासन्‌तास जाळ लागतो, आणि शिध्यात सरपण नव्हते. छावण्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला होत्या, म्हणून लोक रोज जंगलात जाऊन झाडे तोडत. १९९४ मध्येच हे उद्यान धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीत टाकावे लागले. ज्या घरात जंगलापर्यंत जाऊन मोळी आणणारे कोणी नाही, त्या घरात धान्य असूनही जेवण शिजत नव्हते.

कुटुंब म्हणजे कोण

लोंढा आल्यावर तीनच आठवड्यांत पाच वर्षांखालील मुलांची पाहणी झाली, तेव्हा १८ ते २३ टक्के मुले तीव्र कुपोषित निघाली. अलीकडेच हगवण झालेल्या मुलांना धोका जास्त होता. ते समजण्यासारखे आहे. पण त्याच पाहणीत आणखी एक गट वेगळा दिसला: ज्या घरांचा कारभार एकट्या बाईवर होता, त्या घरांतील मुले इतरांपेक्षा अधिक कुपोषित होती.

या एका निष्कर्षावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या बाईला कमी शिधा द्या असे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. कागदावर तिचा वाटा इतरांइतकाच होता. पण वाटप कम्यूनच्या पुढाऱ्यांमार्फत होत होते, त्या साखळीत पुरुषांचे गट, जथ्यांतील तरुण आणि पुढाऱ्यांचे नातेवाईक पुढे होते. तिचा नवरा मेला होता, हरवला होता किंवा सीमेपलीकडेच राहिला होता, आणि तिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. ती रांगेत उभी राहिली तर आजारी मूल तंबूत एकटे पडे, मुलाजवळ थांबली तर पाण्याची आणि शिध्याची पाळी जाई. सर्वांना समान वाटणारी पद्धत तिच्यासाठी समान नव्हती. ही गोष्ट सहानुभूतीपोटी नव्हे, तर मुलांच्या प्रत्यक्ष मोजमापांनी सिद्ध झाली, म्हणून ती नाकारता येत नाही.

वाटपाची पद्धत पुढे बदलत गेली. मोठ्या कम्यूनऐवजी लहान गटांना आणि नंतर थेट कुटुंबप्रमुखांना शिधा देण्याकडे संस्था वळल्या. शिधापत्रिका बाईच्या नावाने द्यावी, तिला वाटपाच्या ठिकाणापर्यंत कमी चालावे लागावे, आणि माणशी किती धान्य मिळायचे ते तिला आधीच कळावे, म्हणजे काट्याशी तिला वाद घालता येईल, या गोष्टी आज वाटपाच्या कामात शिकवल्या जातात. प्रमाण आधी जाहीर करणे हा यांतला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत जास्त विसरला जाणाराही तोच आहे.

मुलांची गोष्ट याहून नाजूक. गर्दीत आणि साथीत हजारो मुले आईवडिलांपासून तुटली. त्यांच्यासाठी वेगळी केंद्रे निघाली, आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत त्या केंद्रांतही मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. एकाच छपराखाली शेकडो लहान, आजारी मुले, पाणी अपुरे आणि सांभाळणारे हात मोजके. दुसरे काही होणे कठीण होते. पुढे केंद्रांत खाणे आणि औषधे नीट मिळू लागली, तेव्हा बाहेर उपाशी असलेल्या काही पालकांनी आपल्या मुलांना स्वतःच तिथे सोडले, निदान जगेल तरी या आशेने. त्यांना दोष देणे क्रूरपणाचे होईल. दोष असलाच तर मदतीच्या रचनेचा होता, जिने मुलाला आईपासून तोडल्यावरच अधिक अन्न दिले. अशा वेळी केंद्र मोठे करण्यापेक्षा मूल शेजारच्या किंवा नात्यातल्या कुटुंबात ठेवून त्या कुटुंबाला जादा शिधा देणे बरे, हे या कामातल्या लोकांना तिथे पटले. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, युनिसेफ आणि बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी नोंदी व छायाचित्रे यांच्या मदतीने शोधकार्य केले. नाव सांगता न येणाऱ्या वयाच्या मुलांचे चेहरे दाखवून घरच्यांचा शोध घेतला गेला. हे काम वर्षानुवर्षे चालले.

पहारा कोण देणार

सशस्त्र लोकांना सामान्य कुटुंबांपासून वेगळे काढायला हवे, हे १९९४ च्या शरद ऋतूपर्यंत सर्वांना कळून चुकले होते. कायदाही त्या बाजूने होता. १९५१ च्या निर्वासितविषयक करारातच अशी तरतूद आहे की, युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे केल्याचा गंभीर संशय ज्यांच्यावर आहे त्यांना निर्वासित म्हणून संरक्षण मिळत नाही. आफ्रिकी ऐक्य संघटनेचा १९६९ चा करार सांगतो की निर्वासितांना त्यांच्या देशाच्या सीमेपासून वाजवी अंतरावर वसवावे. गोम्याच्या छावण्या सीमेला लागून होत्या. पण हे करायचे कोणी? गुन्हेगार वेगळा काढणे हे डॉक्टरचे किंवा धान्य वाटणाऱ्याचे काम नव्हे, आणि ते करण्याची ताकदही त्यांच्याकडे नसते. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी सदस्य देशांकडे सैन्य मागितले. पुरेसे सैन्य द्यायला देश तयार झाले नाहीत. अखेर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त सादाको ओगाता यांच्या कार्यालयाने १९९५ च्या सुरुवातीला झाईरच्याच १,५०० सैनिकांचे पथक पगारावर घेतले. त्यामुळे छावण्यांतील उघड हिंसा कमी झाली आणि कर्मचाऱ्यांना काम करता येऊ लागले, पण जथे तिथेच राहिले आणि पुढारीही तिथेच राहिले.

काही संस्थांनी वेगळा निर्णय घेतला. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये मेदसँ साँ फ्रोंतिएर या वैद्यकीय संस्थेची फ्रेंच शाखा छावण्यांतून बाहेर पडली. आमच्या मदतीने संहार करणारे पोसले जात आहेत, साथ ओसरली आहे, आता थांबलो तर त्यांना बळ देण्यात सहभागी होऊ, अशी तिची भूमिका होती. त्याच संस्थेच्या इतर देशांतील शाखा तेव्हा थांबल्या आणि पुढच्या वर्षी निघाल्या. बाकीच्या अनेक संस्था शेवटपर्यंत राहिल्या. थांबणाऱ्यांचे म्हणणे होते की छावणीतील बहुसंख्य माणसे बायका आणि मुले आहेत, आणि पुढाऱ्यांना शिक्षा म्हणून त्यांना उपाशी ठेवता येणार नाही. मी दोन्ही बाजूंचे लिखाण वाचले आहे आणि कोणाचीही भूमिका सोपी नव्हती, असेच मला वाटते. तरी माझे मत विचाराल तर असे आहे: निघून जाणे प्रामाणिक होते, पण ते शक्य झाले कारण दुसरे कोणी थांबले होते. निघण्याचा अधिकार ज्याला वापरता येतो त्याने थांबणाऱ्याला नैतिकदृष्ट्या कमी लेखू नये. आणि थांबणाऱ्याने आपण फक्त अन्न देतो, राजकारण आमचे नव्हे, असे म्हणून यादीच्या प्रश्नावरून नजर वळवू नये, कारण यादी कोणाकडे द्यायची हे ठरवणे हाच त्या छावणीतला सर्वांत मोठा राजकीय निर्णय होता आणि तो मदतसंस्थांनीच घेतला होता.

या साऱ्यावर अनेक देणगीदार देशांनी मिळून एक मोठे संयुक्त मूल्यमापन करून घेतले. ते १९९६ मध्ये पाच खंडांत प्रसिद्ध झाले. त्यातील टीका कडक होती, आणि मदतसंस्थांनी ती अंगावर घेतली हे त्यांचे श्रेय मानतो. १९९७ मध्ये स्फिअर प्रकल्प सुरू झाला आणि कोणत्याही संकटात माणसाला किमान काय मिळायला हवे याची मानके लिहिली गेली: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, पाण्याचा नळ घरापासून ५०० मीटरच्या आत, वीस माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, दिवसाला २,१०० किलोकॅलरी. आज छावण्यांच्या कामात हेच आकडे आधाराला धरले जातात. त्यांच्यामागे गोम्याच्या रस्त्यावरच्या चटया आहेत. मला मात्र एक उणीव खटकत राहते. लिटर आणि मीटर मोजायला सोपे असल्याने तेच आधी मोजले जातात आणि देणगीदाराला पाठवल्या जाणाऱ्या अहवालात तेच वर येतात. एकट्या बाईला तिचा पूर्ण वाटा मिळाला का, आणि मिळवताना तिला कोणाला काय द्यावे लागले, हे मानकांच्या मजकुरात असूनही प्रत्यक्ष पाहणीत मागे पडते. वाटप झाल्यावर आठवड्याभराने काही तंबूंत जाऊन, पुढाऱ्याच्या अनुपस्थितीत, बाईमाणसाने बाईला विचारणे, एवढ्यानेही बरेच कळते. यासाठी खर्च फारसा नाही. पण वाटपाच्या धावपळीत हे काम नेहमी पुढच्या आठवड्यावर ढकलले जाते.

छावण्या मोडल्या तेव्हा

छावण्यांचा शेवट मदतीच्या निर्णयाने झाला नाही. छावण्यांतून रवांडावर हल्ले होत होते, आणि १९९६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रवांडाचा पाठिंबा असलेल्या झाईरच्या बंडखोर आघाडीने त्या एकेक करून उधळल्या. १५ नोव्हेंबरला मुगुंगा फुटली. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद कॅनडाच्या नेतृत्वाखाली बहुराष्ट्रीय सैन्य पाठवायला मंजुरी देत होती. ते सैन्य प्रत्यक्षात कधी कामाला आलेच नाही. पुढच्या काही दिवसांत पाच लाखांहून अधिक माणसे, डोक्यावर गाठोडी आणि पाठीवर मुले घेऊन, ज्या रस्त्याने आली होती त्याच रस्त्याने रवांडात परतली. दोन वर्षे परतीला रोखून धरणारे बंदूकधारी दुसरीकडे पळाल्यावर ती अशी एकदम निघाली, यावरून त्यांतल्या किती जणांना आधीच जायचे होते याचा अंदाज येतो.

सगळे मात्र परतले नाहीत. सशस्त्र गट पश्चिमेकडे जंगलात निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर मोठ्या संख्येने सामान्य कुटुंबेही गेली, काही जबरदस्तीने, काही भीतीने. त्यांचा पाठलाग झाला. उपासमार, रोगराई आणि कत्तलींत त्यांतले असंख्य मेले. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या हत्यांची तपशीलवार नोंद आहे. ज्यांची नावे पुढाऱ्यांच्या फुगवलेल्या यादीत होती, पण ज्यांची स्वतंत्र नोंद कधीच नीट झाली नाही, अशी ही माणसे. किती गेली आणि त्यांतली किती परत आली, याचा हिशेब लागत नाही तो यामुळेही.

मुगुंगाच्या त्याच काळ्या दगडावर पुढे पुन्हा छावण्या बसल्या, या वेळी काँगोच्याच विस्थापित कुटुंबांच्या. एम-२३ या सशस्त्र गटाच्या हल्ल्यांमुळे २०२२ पासून गोम्याभोवती लाखो माणसे जमली, आणि पटकीही परत आली. ३ मे २०२४ रोजी मुगुंगा आणि लाक व्हेर येथील विस्थापितांच्या वस्त्यांवर तोफगोळे पडले. मेलेल्यांत मुले होती. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर एम-२३ च्या ताब्यात गेले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत शहराभोवतीच्या छावण्या रिकाम्या झाल्या. पाण्याच्या टाक्या आणि संडासांच्या रांगा मागे राहिल्या, ताडपत्र्या निघाल्या, आणि कुटुंबे आपापल्या गावांकडे चालू लागली.